येऊन पितो

मडक्याच्या गळ्याशी आतल्या बाजूने मिठाची एक पांढरी रेघ होती. करंगळीच्या नखाएवढी रुंद. ती गळ्याभोवती पूर्ण फिरलेली नव्हती. फक्त पश्चिमेला, म्हणजे खाडीच्या बाजूला, चार बोटं लांब उमटली होती आणि दोन्ही टोकांना निमुळती होत संपत होती. बाकीचा गळा स्वच्छ होता, भाजलेल्या मातीच्या रंगाचा. मी त्या रेघेवरून बोट फिरवून जिभेला लावलं. खारट, आणि मागून किंचित कडू.

त्या मडक्यात आम्ही विहिरीचं पाणी घालत होतो, आणि विहीर गोड्या पाण्याची होती. ते पाणी मीच तपासलं होतं.

१९९४ सालचा मार्च संपत आला होता. आमच्या पनवेलच्या संशोधन केंद्राने पुण्याची एक संस्था आणि परदेशातलं एक विद्यापीठ यांच्या जोडीने एक प्रयोग हाती घेतला होता: कोकणातल्या उतारावर, उन्हाळ्यात, कमीत कमी पाण्यावर आंब्याची कोवळी कलमं जगवायची. त्यासाठी खाडीकाठच्या एका आगरी गावात रंभा नावाच्या बाईंचा वरकस, म्हणजे उतारावरच्या माळजमिनीचा तुकडा आम्ही तीन वर्षांसाठी घेतला होता. वरच्या टोकाला त्यांचं घर आणि विहीर. तिथून जमीन हळूहळू उतरत खालच्या बांधापर्यंत जायची, आणि बांधापलीकडे भातखाचरं, मग खारफुटी, मग खाडी.

अर्ध्या तुकड्यात आम्ही ठिबकच्या काळ्या नळ्या अंथरल्या होत्या. उरलेल्या अर्ध्यात प्रत्येक कलमाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं होतं. मातीचं बिनझिलईचं मडकं पाझरतं, आणि मुळांना लागेल तेवढंच पाणी देतं. ही रीत जुनी आहे. ती नव्या नळ्यांशी ताडून पाहायची होती. रोज सकाळी मडक्यावरचं परळ, म्हणजे मातीची झाकणी, उचलायचं, मापाच्या भांड्याने मडकं पुन्हा गळ्यापर्यंत भरायचं, आणि जेवढं पाणी मावलं तेवढं जमीन प्यायली असं धरायचं. साधारण तीन बोटं पाणी उतरायचं. सगळीकडे तेवढंच, थोडंफार इकडेतिकडे.

फक्त पहिल्या ओळीतलं शेवटचं मडकं, अगदी खालच्या बांधाजवळचं, रोज सकाळी तळापर्यंत कोरडं असायचं.

"तडा असणार," गुरुदत्त म्हणाला. तो पुण्याच्या संस्थेचा. यंत्रं बसवणं आणि ती नीट चालतात का ते पाहणं त्याच्याकडे होतं. दर आठवड्याला तीन-चार दिवसांसाठी यायचा, पनवेलला एस.टी. स्टँडसमोरच्या लॉजवर उतरायचा आणि तिथल्या ढेकणांबद्दल रोज नवी बातमी आणायचा.

"तडा असेल तर भोवतालची माती ओली हवी," मी म्हटलं.

"मग नाहीये का?"

"तुमच्या यंत्रालाच विचारा."

मडक्यापासून हातभर अंतरावर त्याने ओलावा मोजायची नळी रोवली होती. वर घड्याळासारखी तबकडी. काटा कोरड्या टोकाला टेकला होता. गुरुदत्तने तबकडीवर टिचकी मारली. काटा हलला नाही.

"माझं यंत्र खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "म्हणजे नीताबाई, तुमची माती खोटं बोलतेय."

"माती बोलत नाही. त्यामुळेच माझं तिच्याशी पटतं."

"हा टोमणा मात्र मला होता," असं म्हणून तो हसला आणि कुदळ घेऊन मडकं उकरायला बसला.

मडकं बाहेर काढलं. तडा नव्हता. खाली बीळ नव्हतं, मूळ नव्हतं, वाळवी नव्हती. मी ते केंद्रावर नेलं, भरलं आणि व्हरांड्यात टांगून ठेवलं. ते इतर कोणत्याही मडक्यासारखं घामेजलं आणि दिवसभरात तीन बोटंच उतरलं. त्याच्या जागी आम्ही पनवेलच्या कुंभारवाड्यातून आणलेलं नवं मडकं पुरलं. दुसऱ्या दिवशी तेही कोरडं होतं, आणि त्याच जागी, खाडीकडच्या बाजूला, एक पुसट पांढरी रेघ धरू लागली होती.

"शेळ्या," गुरुदत्त म्हणाला. मग "पोरं." मग त्याने परळाच्या कडेने ओली माती थापून मडक्याचं तोंड बंद केलं आणि त्या मातीत चारी बाजूंनी स्वतःचा अंगठा दाबला.

रंभाबाई पाण्याचं भांडं घेऊन जरा लांब उभ्या होत्या. चाळिशीच्या पुढच्या, उंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मडकी भरायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

"कोंडू नका हो असं," त्या म्हणाल्या.

"कोणाला?" गुरुदत्तने मान वर केली.

त्यांनी भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "मडक्याला," मग म्हणाल्या आणि वरच्या ओळीकडे वळल्या.

सकाळी चारही अंगठे जसेच्या तसे होते. रेषा मोजता आल्या असत्या. माती फोडून परळ उचललं. आत काही नव्हतं. फक्त ती रेघ, कालच्यापेक्षा थोडी जाड.

गुरुदत्त उकिडवा बसून बराच वेळ आत पाहत राहिला. त्या दिवशी ढेकणांची बातमी आली नाही.

त्याने एक स्पष्टीकरण दिलं आणि ते चुकीचं आहे असं म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. खाडी कधीकाळी इथवर असेल. खाली वाळूचा एखादा जुना थर असेल, तो पाणी ओढून लांब नेत असेल, आणि उन्हाने खालचं मीठ वर चढत असेल. आम्ही तसं लिहून परदेशातल्या सहकाऱ्यांना फॅक्स केला. पण खालच्या थरातलं मीठ मडक्याला चोहोबाजूंनी लागलं असतं. ते एकाच कडेला, चार बोटांत, का जमावं? एखाद्या भांड्याला एकाच जागी काय लागतं, हा विचार माझ्या मनात आला तसा मी तो बाजूला ठेवला.

त्या सुमारास कमळाकर आला. रंभाबाईंचा धाकटा दीर. पनवेलला त्याच्या दोन रिक्षा होत्या, पण स्वतः मोपेडवर फिरायचा. अंगणात गाडी लावता लावताच त्याने हाक दिली.

"काय म्याडम, तुमचा खड्डा पानी खातो म्हंतात! आमच्या नगरपालिकेत नोकरीला लावा त्याला."

"कोण म्हणतं?"

"सगला गाव म्हंतो. बाया खालच्या बांधावरून जायच्या बंद झाल्या." त्याने घराकडे पाहिलं. रंभाबाई विहिरीवर होत्या. त्याचा आवाज उतरला. "तुमाला वयनीनं काय सांगितलं नसेल. ती नाय सांगनार."

मग त्यानेच सांगितलं. बुधाजी त्याचा थोरला भाऊ, रंभाबाईंचा नवरा. चैत्रातल्या अमावास्येचं उधाण आलं आणि खाडीच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी खाचरात शिरलं तर जमीन दोन-तीन वर्षं कामातून जाते. बुधाजी कुदळ घेऊन एकटाच खांड बुजवायला गेला. मागून माणसं पोहोचेपर्यंत बांधाचा मोठा तुकडा वाहून गेला होता.

"आमी कमरंएवढ्या चिखलात शोधलं. कुदल गावली. त्यो नाय गावला." कमळाकर मोपेडच्या आरशावरची धूळ बोटाने पुसत होता. "मानूस असा गेला का बारा वर्सं वाट बगायची, ही आमची रीत. मंग दर्भाचा पुतला करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आनि गेलेल्याला मोकला करायचा. बारा वर्सं गेल्या चैतात पुरी झाली. दुसरा चैत तोंडावर आला. वयनीला इचारलं का म्हंते, उद्या बगू. कसली उद्या आनि काय."

"आणि जमीन?" मी विचारलं. हायवेच्या बाजूने बिल्डरांची माणसं गावात फिरत होती हे मला माहीत होतं.

"जमिनीचं बी हाय. लपवत नाय मी. सातबाऱ्यावर अजून त्याचं नाव हाय. पर निस्त्या जमिनीपायी असता तर इतकी वर्सं थांबलो असतो का? त्यो माजा भाऊ. त्याला तसाच लोंबकलत ठेवलाय तिनं." त्याने आरसा सरळ केला. "तुमी तिच्या तोंडून त्याचं नाव कदी आयकलंय?"

मी आठवून पाहिलं. त्या 'घरचे' म्हणायच्या. 'घरच्यांनी लावलेली चिंच', 'घरच्यांची विहीर'.

"आमच्यात नवरा हाय तवर बायको नाव घेत नाय. लग्नात उखान्यात घेतलं त्येवढंच. ती आजून घेत नाय. समजा तुमीच."

विहिरीवरून रंभाबाईंचा आवाज आला. "भावजी, च्या ठेवू का माजी निंदा सोपली नाय आजून?"

"ठेव गो. निंदेला च्या लागतोच."

तो हसला. त्याही हसल्या. दारात पायरीच्या कडेला एक पितळेचा तांब्या पालथा घातलेला होता. डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा तो भरलेला असायचा, वर वाटी झाकलेली. गुरुदत्तने एकदा तहानेने त्याला हात घातला होता, तर रंभाबाईंनी त्याच्या हातातून तो हळूच काढून घेतला होता. "त्यो नको. तुमाला दुसरं देते." ते मला आत्ता आठवलं. तांब्या कधीपासून पालथा आहे हे मात्र मी लक्षात ठेवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गुरुदत्त पुण्याला असताना मी एकटीच गेले. मडकं रात्रीतून रिकामं होतं असं आम्ही गृहीत धरलं होतं, कारण आम्ही सकाळीच पाहत होतो. ते नेमकं कधी रिकामं होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. मी सकाळी ते भरलं, परळ बाजूला ठेवलं, आत खुणा केलेली बांबूची काडी उभी केली, आणि छत्री उघडून शेजारी बसले.

सकाळभर काही झालं नाही. पाणी इतर मडक्यांसारखंच हळूहळू उतरत होतं. पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता. दुपार झाली. ओहोटी लागली असावी, कारण उघड्या पडलेल्या चिखलाचा वास आला. वारा नव्हता. तो वास वाऱ्याने आला नव्हता, माझ्या आजूबाजूला होता, जवळ, ओल्या अंगाला येतो तसा. छत्रीच्या सावलीत मला माझ्या दंडावर गारवा जाणवला.

पाणी बोटभर खाली गेलं.

मग थांबलं. मग पुन्हा बोटभर. पुन्हा थांबलं.

पाण्यावर तरंग उठला नाही. बुडबुडा नाही, आवाज नाही. आकाशाचा तुकडा त्या गोल तोंडात तसाच स्थिर होता, फक्त खाली खाली जात होता, टप्प्याटप्प्याने. मी आयुष्यभर पाणी जमिनीत मुरताना पाहिलं आहे. ते वाळूत लवकर मुरतं, चिकणमातीत सावकाश मुरतं, पण एकदा मुरू लागलं की सलग मुरतं. झिरपणारं पाणी दम घेत नाही.

हे घेत होतं.

तळ दिसला तेव्हा चिखलाचा वास गेला. गळ्याच्या पश्चिम कडेला चार बोटं ओल होती. माझ्या डोळ्यांसमोर ती वाळली आणि पांढरी झाली. मी तिथेच बसून राहिले. उठले असते तर वर घराकडे पळत गेले असते, आणि तसं करायचं नव्हतं.

मागून बांगड्या वाजल्या. रंभाबाई कळशी घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी कळशी मडक्यात ओतली.

"बाय, तुमी पायलंत."

"काय आहे ते?"

त्या बांधावर बसल्या. बोलताना मडक्याकडे पाहत होत्या.

"त्या दिवशी दुपारी घरचे मिठागरावरून आले. ऊन असं की भुईला पाय टेकवंना. म्हंले, पानी दे. हंड्यात थेंब नवता. तवा ही विहीर आटायची, मी डोंगराखालच्या टाकीवर जायचे. त्या दिवशी शेजारनीशी बोलत बसले, गेलेच नाय. म्हंटलं, आत्ता आनते. तेवड्यात खांड पडल्याची हाक आली. ते कुदल घेऊन निगाले. दारातून म्हंले, येऊन पितो." त्यांनी कळशीच्या काठावरचा थेंब बोटाने टिपला. "येऊन पितो म्हंले. आनि गेले ते खाऱ्या पान्यात."

त्यांनी कळशी शेजारी बांधावर ठेवली.

"बारा वर्सं दारात तांब्या ठेवला. कदी शिवला नाय कुनी. मंग तुमी मडकी पुरलीत. मी म्हंटलं, दारापर्यंत त्यांना चढ पडत असंल, चिखलातनं येनारा मानूस. पयल्या दिवशी खालचं मडकं भरताना मीच बोलले, हे तुमचं. दोन दिसांत रिकामं."

"म्हणून तांब्या ठेवायचं सोडलं?"

"दोन ठिकानी कशाला बोलवायचं?" त्या म्हणाल्या, अगदी व्यवहारी आवाजात. मग: "भावजी म्हंतो पुतला कर, मोकला कर. करते हो. पर पुतल्याला अग्नी दिला का मानूस पुढं निगाला. तहानेला तसाच जाईल. त्यांनी सांगून ठेवलंय येऊन पितो. मी कशी पाठवू?"

"ते पितायत ना पण," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि मला स्वतःचा आवाज परका वाटला.

"हे बांधावरचं. येऊन नाय." त्या उठल्या. "यावेत असं वाटतं बाय. आनि भ्या बी वाटतं."

केंद्रावर परतले तर परदेशातून फॅक्सचं उत्तर आलेलं होतं. विनम्र, दोन परिच्छेदांचं. मीठ खालून चढतं की नाही हे ठरवायला ते मडकं एक दिवस न भरता कोरडं ठेवून पाहावं. रिकाम्या मडक्यातही मीठ आलं तर ते जमिनीतलं, नाही तर पाण्याबरोबर येणारं. यात चूक काहीच नव्हती. मीही दुसऱ्या कुणाला हेच सुचवलं असतं. गुरुदत्त पुण्याहून आल्यावर मी त्या दुपारी पाहिलेलं त्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "मग तर करायलाच हवं," इतकंच म्हणाला.

रंभाबाईंनी आम्हाला विनवलं. दोनदा. गुरुदत्तने त्यांना समजावलं की एकाच दिवसाचा प्रश्न आहे, कलम मरणार नाही.

"कलम नाय मरनार," त्या म्हणाल्या. "हितं नाय मिललं तर ते वर येतील, म्हनून सांगते."

आम्ही मडकं कोरडं ठेवलं. वर परळ झाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यात नवीन मीठ नव्हतं. त्याच्या वरचं, म्हणजे शेवटून दुसरं मडकं तळापर्यंत रिकामं होतं, आणि त्याच्या गळ्याला पांढरी रेघ होती.

गुरुदत्तने घाईघाईने खालचं मडकं काठोकाठ भरलं, जणू उशीर झालेल्या पाहुण्याचं पान वाढावं तसं. त्याला कुणी शिवलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्यातलं पाणी इतरांसारखं तीन बोटं उतरू लागलं. ते आता साधं मडकं झालं होतं. आणि त्यानंतरच्या सकाळी शेवटून दुसरंही साधं झालं, आणि तिसरं रिकामं मिळालं.

मग चौथं.

"नीताबाई," गुरुदत्त ओळीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "ही ओळ कुठे जाते?"

त्याला ठाऊक होतं. त्यानेच ती दोरी लावून आखली होती. ओळ खालच्या बांधापासून सरळ वर जात होती आणि रंभाबाईंच्या अंगणात, पायरीपासून दहा हातांवर संपत होती.

आम्ही काय केलं नाही? ओळीतली मडकी एकाआड एक उपसून टाकली, तर भरलेलं पुढचं मडकं रिकामं झालं. म्हणजे चाल उलट वाढली. ती मडकी आम्ही पुन्हा भरली. दुसऱ्या ओळीत जास्त पाणी ठेवलं, तिकडे काही गेलं नाही. कमळाकर आता रोज येत होता आणि थट्टा करत नव्हता. एका सकाळी तो रिकाम्या मडक्याजवळ गुडघ्यांवर बसला, त्याने रेघेला बोट लावलं, चाखलं, आणि तसाच बसून राहिला.

"खाडीचं हाय," तो म्हणाला. "लानपनी पोवताना नाकातोंडात गेलेलं. इसरत नाय मानूस." मग मान वर करून: "वयनी, पुतल्याचं आता तरी बोल."

रंभाबाई विहिरीच्या काठाला टेकून उभ्या होत्या. "उद्या बगू," त्या म्हणाल्या, पण ते शब्द नेहमीसारखे सहज सुटले नाहीत.

"उद्या त्यो अंगनात असंल!"

"मंग अंगनात बगू."

त्या दिवशी अंगणातलं मडकं, ओळीतलं अगदी वरचं, रिकामं झालं. त्याच्या पुढे मडकं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी जीपमधून उतरताना गुरुदत्तने माझ्याआधी अंगणातल्या मडक्याचं परळ उचललं आणि जोरात श्वास सोडला. भरलेलं होतं, तीन बोटं कमी. आम्ही ओळीने खाली बांधापर्यंत गेलो. सगळी मडकी भरलेली. कुठे रेघ नाही, कुठे वास नाही. सगळ्या तबकड्यांचे काटे जिथे असायला हवेत तिथे होते. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच सगळ्या ओळीचा ताळा जुळत होता.

"सुटलो," तो म्हणाला. "थर भरला असणार खालचा. काय समजलात? मुरलं पाणी, संपला विषय."

तेव्हा वरून, घरातून, कमळाकरचा आवाज आला. तो रागावलेला वाटत होता. जवळ गेल्यावर कळलं की तो राग नव्हता.

"तूच वतलंस. सांग, तूच वतलंस ना वयनी?"

"वतलं असतं तर भुई वली नसती का?"

आम्ही दारात थांबलो. पायरीवरचा तांब्या पालथाच होता. आत स्वयंपाकघराच्या जमिनीवर रंभाबाई बसल्या होत्या. शेणाने सारवलेली जमीन कोरडी खडखडीत होती, सारवणाची बोटं जशीच्या तशी. त्यांच्यासमोर घरातला मोठा पितळेचा हंडा होता. त्यांनी तो एका हाताने तिरका धरला होता, आणि तो ज्या हलकेपणाने त्यांच्या हातात होता त्यावरूनच त्यात काही नाही हे कळत होतं.

"राती भरला मी सोता," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "काठोकाठ. झाकन बी हाय तसंच व्हतं."

मी पुढे होऊन वाकले. दार पश्चिमेला होतं. हंड्याच्या काठावर, दाराच्या बाजूला, चार बोटं लांब एक पांढरी रेघ होती. पितळेवर ती फार स्पष्ट दिसत होती. पितळ पाझरत नाही. खालचा थर, वाळू, ऊन, यांतलं काहीही या हंड्यापर्यंत येत नव्हतं. माझं बोट काठाच्या अगदी जवळ गेलं होतं. मी ते लावलं नाही.

गुरुदत्त उंबऱ्याबाहेरच होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

रंभाबाईंनी ती रेघ अंगठ्याने पुसली नाही. तिच्यावर फक्त अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून बसल्या. घरात कुठेतरी चिखलाचा वास होता, पण पुसट, आणि तो जात होता. मला तो जाताना कळला. कमळाकरलाही कळला असावा, कारण तो दाराकडे वळून बाहेर, उताराकडे, पाहू लागला. बाहेर ऊन चढत होतं. ओळीतल्या कलमांची पानं हलत नव्हती.

"येऊन पितो म्हंले व्हते," रंभाबाई म्हणाल्या.

"वयनी."

"आले. प्याले."

त्यांनी हंडा सरळ केला, जमिनीवर ठेवला. हिरव्या बांगड्यांच्या हातांकडे थोडा वेळ पाहिलं, मग पदर डोक्यावर नीट घेतला. मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते आणि आवाज असा की घरातलं सगळं त्यांना एकदम मोठ्याने सांगायचं असावं, भिंतींना, चुलीला, दारातल्या तांब्याला.

"भावजी, भटाला सांगा पुतला करायला," त्या म्हणाल्या. "बुधाजी गेला."